खरीप सीझनचे साहेब

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे. दिवाळीला परभणीला आला की पहिल्या दिवशी झोपतो, दुसऱ्या दिवशी जेवतो आणि तिसऱ्या दिवशी मला सुधारायला घेतो. गेल्या दिवाळीत त्यानं मला ‘द ऑफिस’ ही अमेरिकन मालिका दाखवायला घेतली. पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन नावाचं गाव, तिथं कागद विकणाऱ्या कंपनीची शाखा, तिचा मॅनेजर मायकेल स्कॉट आणि त्याच्या हाताखाली आयुष्य काढणारी माणसं. २००५ ते २०१३, नऊ सीझन, २०१ भाग. भाच्याला ते पाठ आहेत. भाग संपला की तो उसासा टाकायचा आणि म्हणायचा, “मामा, असा बॉस पाहिजे राव!”

मी म्हणालो, “घेऊन जा. आमच्याकडं आहे. वापरलेला आहे, पण चालू कंडिशनमध्ये.”

त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी गंमत करत नव्हतो. लोक महिन्याचे पैसे भरून रात्री जे बघतात, ते मी दहा ते सहा उघड्या डोळ्यांनी बघतो आणि वर मला पगार मिळतो. तो कशाचा मिळतो हे मला त्या मालिकेमुळं कळलं.

आमचं ऑफिस नव्या मोंढ्यात, खताच्या दुकानाच्या वर. कंपनी बियाण्यांची, नाव सांगत नाही, कारण मला अजून नोकरी करायचीय. कापूस, सोयाबीन, तूर. खाली खत, वर आम्ही, त्यामुळं बाहेरचा माणूस जिना चढताना नाकाला रुमाल लावतो आणि आम्हाला घरी गेल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. माणसं मोजकी: हिशेब बघणाऱ्या मॅडम, गोडाऊन सांभाळणारे अण्णा, चहापासून कुरिअरपर्यंत सगळं करणारे शिपाई मामा, फील्डवर फिरणारी दोन पोरं, मी, आणि काचेच्या केबिनमध्ये साहेब. काच अशासाठी, की साहेबांना सगळे दिसले पाहिजेत. प्रत्यक्षात सगळ्यांना साहेब दिसतात. आणि ते आपल्याकडंच बघत असतात, आपण हसलो का म्हणून.

साहेब विनोद करतात. हा त्यांचा मूळ आजार. बाकीचे सगळे त्यातून उद्भवलेले. सकाळी साडेपाचला ऑफिसच्या ग्रुपवर उगवत्या सूर्याच्या चित्रासह पहिला विनोद पडतो. दहा वाजता तोच तोंडी ऐकावा लागतो, कारण “ग्रुपवर तुम्ही हसलात का नाही ते कळत नाही.” त्यांना शेरोशायरीचाही नाद आहे. निजामाचा मुलूख, उर्दू कानावरून गेलेली, आवाज चांगला. अडचण एवढीच की पहिली ओळ गालिबची असते आणि दुसरी त्यांची स्वतःची. मीटिंगला सुरुवात शेरानं, शेवट शेरानं, मधे टार्गेट.

त्या मालिकेत अशी कल्पना आहे, की कुणीतरी ऑफिसवर माहितीपट करतंय आणि कॅमेरा सतत चालू आहे. मॅनेजर काही अचाट बोलला की जिम नावाचा सेल्समन हळूच कॅमेऱ्याकडं बघतो. बोलत काही नाही, निस्तं बघतो. मला त्याचा हेवा वाटायचा. मग लक्षात आलं, कॅमेरा आपल्याकडंही आहे. चोरीच्या भीतीनं हेड ऑफिसनं सीसीटीव्ही बसवलाय, मॅडमच्या टेबलाच्या वर. आता साहेबांचा शेर झाला की मी त्याच्याकडं बघतो. मॅडमही बघतात. मामा तर चहाचा ट्रे हातात धरून, मान वर करून, पाऊस येतो का बघावं तसे बघतात. पुण्याला हेड ऑफिसात ते चित्र कुणी पाहत असेल तर त्याला वाटत असेल, परभणीची माणसं भारी धार्मिक आहेत.

मायकेल स्कॉटच्या टेबलावर एक मग असतो. ‘वर्ल्ड्स बेस्ट बॉस’ असं त्यावर लिहिलेलं, आणि तो त्यानं स्वतःच विकत आणलेला. भाचा हे दृश्य आलं की मांडीवर थाप मारून हसतो. मी हसू शकलो नाही. आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये फूटभर उंचीची ट्रॉफी आहे, ‘उत्कृष्ट व्यवस्थापक’ अशी. कुणी दिली हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. मग मार्चअखेरीला फायली लावताना मॅडमना ट्रॉफीच्या दुकानाचं बिल सापडलं: ट्रॉफी एक नग, नाव कोरण्याचे वेगळे. मॅडम बराच वेळ त्या बिलाकडं बघत बसल्या. शेवटी त्यांनी ते ‘कर्मचारी कल्याण’ या खात्यात टाकलं. मी विचारलं, कल्याण कसं? त्या म्हणाल्या, “तेही कर्मचारीच आहेत की.”

तर प्रश्न असा, की या असल्या माणसाचा राग का येत नाही? म्हणजे येतो, रोज येतो, पण टिकत नाही.

भाच्यानं मला या मालिकेची मूळ ब्रिटिश आवृत्तीही दाखवली. २००१ साली बीबीसीवर आलेली, रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांनी रचलेली. तिथला मॅनेजर डेव्हिड ब्रेंट, गाव स्लाव. मी ती पाहताना दोनदा पाणी प्यायला उठलो, तहान नसताना. तो माणूस लाज आणतो, आणि त्या लाजेतून सुटायला वाट ठेवत नाही. अमेरिकेतही पहिला सीझन सहाच भागांचा होता आणि मायकेल जवळजवळ तसाच होता: केस चप्प बसवलेले, जीभ कडू. दुसऱ्या सीझनला करणाऱ्यांनी त्याचे केस बदलले आणि मनही जरा मऊ केलं. पण माझ्या मते खरी गोष्ट वेगळीच केली. हा माणूस मॅनेजर म्हणून कुचकामी असला तरी विकण्यात वस्ताद आहे, हे दाखवलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाला तो हॉटेलात नेतो, रात्रभर पाल्हाळ लावतो, गाणी म्हणतो. वरिष्ठ बाईंना वाटतं सौदा गेला. सौदा होतो. निव्वळ मूर्ख माणसावर कुणी नऊ-नऊ वर्षं जीव लावत नाही. त्याला एक तरी गोष्ट आपल्यापेक्षा बरी यावी लागते.

(हिंदीतही ही मालिका २०१९ मध्ये झाली, फरीदाबादला. परभणीपर्यंत यायला वेळ लागेल. रस्त्याचं काम चालू आहे.)

आमच्या साहेबांना बियाणं कळतं. मे महिन्यात ते ऑफिसमध्ये स्वतः उगवण चाचणी लावतात. खरं म्हणजे कंपनीकडं प्रयोगशाळा आहे, पिशवीवर टॅग आहे, टॅगवर आकडे आहेत. साहेबांचा विश्वास गोणपाटावर. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे, दहा-दहाच्या रांगेत, वरून दुसरं गोणपाट, गुंडाळी करायची, बांधायची, सावलीत ठेवायची. ऑफिसमधली सगळ्यात गार सावली माझ्या टेबलाखाली आहे. त्यामुळं मे महिन्यात माझ्या पायाशी सतत काहीतरी ओलं असतं, आणि दुपारी त्याला असा वास सुटतो की खालचं खत बरं वाटावं. दर दोन तासांनी मामा पाणी शिंपडायला येतात आणि थोडं माझ्या चपलेवर शिंपडतात. पाच-सहा दिवसांनी साहेब सगळ्यांना गोळा करतात, गुंडाळी उलगडतात आणि मांडी घालून हजेरी घेतल्यागत एकेक कोंब मोजतात. सत्तरच्या वर गेले की पास. मागच्या मे महिन्यात ब्याऐंशी निघाले. साहेबांनी पेढे वाटले. नापास झालेले अठरा दाणे त्यांनी तळहातावर घेतले, एकेक दाबून बघितला आणि म्हणाले, “हे मळणीत फुटले. यंत्राचा वेग जास्त होता. यांची काही चूक नाही.” एवढ्या गंभीरपणे ते आमच्या बढतीबद्दलही बोलले नाहीत.

आणि जूनमध्ये, पेरण्या झाल्यावर, जेव्हा न उगवल्याच्या तक्रारी यायला लागतात, तेव्हा इतर कंपन्यांचे साहेब फोन बंद करून नातेवाइकांकडं जातात. आमचे साहेब गाडीत बसतात. बरोबर मी. जिंतूरकडच्या एका गावात असेच गेलो. शेतकरी बांधावर उभा, हातात रिकामी पिशवी.

“आवो साहेब, उगवलंच नाही की!”

“कामून नाही उगवलं? दाखवा.”

साहेब पेरणीच्या ओळीत उकिडवे बसले आणि बोटांनी माती उकरायला लागले. सोयाबीन तीन ते पाच सेंटीमीटरवर पडायला पाहिजे. इथं साहेबांचं अख्खं बोट मातीत गेलं तेव्हा दाणा लागला, फुगून सडलेला. त्यात पेरणीनंतर दणकून पाऊस झालेला, वरून चिखलाची पापडी धरलेली. कोवळा कोंब ती फोडणार कसा? चूक पेरणीची होती, शेतकऱ्यालाही दिसत होती. अशा वेळी नियम असा, की शेतकऱ्यानं तालुक्याला तक्रार द्यायची, समिती येते, पंचनामा होतो आणि ठरतं ते ठरतं. कंपनीच्या माणसानं तोंड उघडायचं नाही. साहेबांनी उघडलं. आधी भाकरी खायला उघडलं, मग ठेच्याची तारीफ करायला, आणि शेवटी, “काळजी करू नका मालक, दुसरं बियाणं देतो. माझा शब्द!”

शब्द त्यांचा, कागद माझा. हा आमच्या ऑफिसचा पहिला नियम. हेड ऑफिसला मी मेलवर मेल लिहिले. तिकडून इंग्रजीत विचारलं जायचं, की बियाण्यात दोष नसताना बदली बियाणं कशाच्या आधारे? आधार ठेचा होता, पण तो लिहिता येत नव्हता. अखेरीस साहेबांनी युक्ती काढली: ते शेत कागदोपत्री आमचं ‘प्रात्यक्षिक प्लॉट’ झालं. प्रात्यक्षिकाला बियाणं फुकट देता येतं. पेरणीची मुदत टळायच्या आत दुसऱ्यांदा पेरलं, चांगलं उगवलं. पुढं पुण्याहून मोठे साहेब प्लॉट पाहायला आले तेव्हा शेतात कंपनीचा बोर्डच नव्हता. तो शेतकऱ्यानं शेळ्यांच्या गोठ्याला दार म्हणून लावलेला. साहेब न डगमगता म्हणाले, “सर, आपला ब्रँड इथं घराघरात पोचलाय.” मी सवयीनं वर बघितलं. तिथं कॅमेरा नव्हता, लिंबाचं झाड होतं.

सगळेच शब्द असे निभावत नाहीत. मालिकेच्या सहाव्या सीझनमध्ये एक भाग आहे. मायकेलनं कधीकाळी शाळेतल्या गरीब मुलांना सांगून टाकलेलं असतं, तुम्ही शिका, कॉलेजची फी मी भरीन. दहा वर्षांनी मुलं शिकून उभी राहतात आणि याच्याकडं द्यायला काही नसतं. तो त्यांना लॅपटॉपच्या बॅटऱ्या देतो. भाचा तो भाग पुढं ढकलतो, बघवत नाही म्हणतो. मी शांतपणे पाहिला. आमच्या साहेबांनी एका सीझनला सगळ्या डीलर लोकांना टार्गेटच्या बदल्यात थायलंड कबूल केलं होतं. कुणाला विचारून? कुणालाच नाही. टार्गेट पुरं झालं, पासपोर्ट निघाले, एकानं गॉगल घेतला. हेड ऑफिसनं कानावर हात ठेवले. साहेब तीन दिवस केबिनमध्ये दिसले नाहीत, म्हणजे काच असून दिसले नाहीत. खाली वाकून बसत असावेत. मग त्यांनी जाहीर केलं: तिरुपती, सहकुटुंब. डीलर भडकले. पण बायकांनी घरी पिशव्या भरून ठेवल्या होत्या. आता बालाजीला नको, बँकॉकला न्या, असं बायकोसमोर म्हणणारा मर्द मराठवाड्यात अजून जन्मायचा आहे. बस भरून गेली. गॉगलवाला खिडकीला बसला होता.

मायकेल त्याच्या ऑफिसातल्या लोकांना दरवर्षी बक्षिसं वाटतो, ‘डंडी’ नावाची, हॉटेलात समारंभ करून, आणि प्रत्येक बक्षिसाबरोबर कुणाचा तरी अपमान होतो. आमच्याकडं हे १७ सप्टेंबरला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सगळ्यांना सुट्टी, आम्हाला समारंभ. सकाळी ध्वजवंदन, साहेबांचं भाषण, त्यात १९४८, रझाकार, हैदराबाद आणि आपलं सोयाबीनचं टार्गेट एका दमात. मग शाल-श्रीफळ. शाल एकच आहे. पहिल्याला पांघरायची, फोटो, काढून घ्यायची, घडी, दुसऱ्याला पांघरायची. नारळही एकच, तो मात्र शेवटच्या मानकऱ्याला घरी नेता येतो, त्यामुळं सगळे नम्रपणे मागं मागं सरकतात. गेल्या साली मॅडमना ‘कार्यालयाची आई’ हा पुरस्कार जाहीर झाला. मॅडम बत्तीस वर्षांच्या. साहेब पंचावन्नचे. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. मॅडमनी शाल घेतली, फोटोला उभ्या राहिल्या आणि आठवडाभर साहेबांच्या एकाही व्हाउचरवर सही केली नाही. काहीतरी बिनसलंय एवढं साहेबांना कळलं, काय ते कळेना. मला बोलावून विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी केबिनबाहेर नवीन कागद चिकटवलेला: दुरुस्ती, ‘आई’ऐवजी ‘ताई’ वाचावे.

पण मामांच्या पोरीच्या लग्नाची गोष्ट सांगितली पाहिजे. मे महिना, परभणीचं ऊन, लग्न पालमकडच्या खेड्यात, दुपारच्या मुहूर्ताला. आम्ही सगळ्यांनी आहेराची पाकिटं आधीच दिली आणि सीझनची कामं पुढं केली. साहेब एकटे गेले. जाऊन गप्प बसतील तर ते साहेब कसले! त्यांनी माइक घेतला. वधूपित्याच्या सेवेबद्दल बोलले, बियाणं आणि संस्कार यांच्या नात्याबद्दल बोलले, गालिबची एक ओळ म्हटली, स्वतःची एक म्हटली. मुहूर्त टळत चालला, भटजी घड्याळ दाखवतात, मुलाकडचे मामांकडं बघतात, आणि हातातल्या अक्षता घामानं भिजून भात व्हायची वेळ आली. हे सगळं आम्हाला मामांनीच सांगितलं. मी म्हणालो, “मग राग आला असंल तुम्हाला.”

मामा म्हणाले, “आला की. लई आला. पण साहेब आले होते ना.”

मालिकेच्या तिसऱ्या सीझनमध्ये असंच आहे. रिसेप्शनवर बसणारी पॅम स्वतः काढलेली चित्रं प्रदर्शनात मांडते. ऑफिसातले तिच्या जवळचे म्हणवणारे येत नाहीत, येतात ते टीका करून जातात. सगळं आवरायच्या वेळी मायकेल धावत पोचतो, त्यांच्याच ऑफिसच्या इमारतीचं चित्र बघून भारावतो आणि विकत मागतो. त्याला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही. त्याला खरोखर आवडलेलं असतं, एवढंच.

मला वाटतं गोम इथं आहे. साहेब म्हटला की तो मागणारच: रिपोर्ट मागतो, आकडे मागतो, रविवार मागतो. हा एक आणखी काहीतरी मागतो. मी तुम्हाला आवडतो ना, असं तो दिवसभर, शंभर तऱ्हांनी विचारत असतो. आणि हे मागणं असं आहे, की ते द्यायचं की नाही हे आपल्या हातात. हाताखालच्या माणसाच्या हातात एरवी असतं काय? चहा सोडून काही नसतं. या साहेबापुढं मात्र आम्ही सावकार. एक हसू दिलं की माणूस दिवसभर खूश. नाही दिलं की काचेतून दिसतो बिचारा, ट्रॉफी पुसत बसलेला.

याच्या आधीचे साहेब निर्दोष होते. दहाच्या ठोक्याला हजर, शब्द मोजून, कबूल केलं ते दिलं, न जमणारं कधी कबूल केलं नाही. कुणाला ‘आई’ म्हणाले नाहीत. कुणाच्या लग्नालाही गेले नाहीत. त्यांची बदली झाली तेव्हा आम्ही पेनचा सेट दिला आणि दोन वाजता ऑफिस पुन्हा सुरू झालं. आता त्यांचं आडनाव आठवायला मला जुनी फाइल काढावी लागेल. भाच्याच्या पिढीला वाटतं, असा नीटनेटका साहेब म्हणजे छळ आणि मायकेल म्हणजे स्वर्ग. त्यांना काय जातंय म्हणायला! बावीस मिनिटांत भाग संपतो. आमच्या भागाला खरीप, रब्बी आणि उन्हाळी असे तीन हंगाम आहेत. कागद मला लिहावे लागतात, चप्पल माझी भिजते. तरीही दोघांतला एक निवड म्हटलं तर मी हाच निवडीन, आणि वर भाच्याजवळ कटकटही करीन. ती कटकट हा या नोकरीतला माझा बोनस आहे. दुसरा कुठला मिळालेला नाही.

सातव्या सीझनमध्ये, २०११ साली, मायकेल स्कॉट मालिका सोडून जातो. पुढं दोन सीझन झाले, पण भाचा म्हणतो, पाहिले नाहीस तरी चालतील. हे ऐकलं आणि नेमकी त्याच हिवाळ्यात आमच्या साहेबांच्या बदलीची आवई उठली. जालना. आता जालना म्हणजे बियाण्यांची पंढरी, सोन्याचा पाळणा. आमच्याबद्दल मात्र म्हण आहे, बनी तो बनी, नहीं तो परभणी. साहेबांची बनली असं आम्ही समजलो. अण्णा म्हणाले, “सुटलो.” मॅडम म्हणाल्या, “सुटलो.” आणि दोघांनीही तोंडं अशी केली की घरात काहीतरी झालंय.

ऑर्डर यायच्या आधीच साहेबांनी स्वतःचा निरोप समारंभ ठरवला. गंगाखेड रोडला पाहुण्यांच्या शेतात हुरडा पार्टी, माणशी वर्गणी. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, “भाषणं तुम्ही लिहा, सगळ्यांची. माझ्याबद्दल सगळ्यांनी वेगळं बोलायला पाहिजे. आणि मामांच्या भाषणात जरा रडू येईल असं टाका.” मी लिहिली. आगटीभोवती बसून सगळ्यांनी वाचली. मामा कागद न उघडताच रडले, त्यामुळं माझा मजकूर वाया गेला. मॅडमनी साहेबांना शाल पांघरली. पहिल्यांदाच ती कुणी काढून घेतली नाही. साहेब गालिबची ओळ म्हणाले आणि दुसरी त्यांना सुचेना. कोवळा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि धुरात सगळ्यांचे डोळे लाल. कुणाचे कशानं ते सांगता येणार नाही.

सोमवारी ऑर्डर आली. बदली झाली होती, जालन्यालाच, पण नांदेडच्या साहेबांची.

मंगळवारी सकाळी साडेपाचला ग्रुपवर सूर्य उगवला. दहा वाजता मॅडम वही घेऊन केबिनमध्ये गेल्या आणि विचारलं, साहेब, निरोपाची वर्गणी जास्त जमली होती, काही पैसे उरलेत, ते परत करायचे का?

साहेब म्हणाले, “परत कशाला? त्यात आणखी थोडी घाला. स्वागत समारंभ करू. भाषणं तीच चालतील, फक्त शेवट बदला.”

आता मी ते शेवट बदलतोय. सहा आहेत.